साम्य दिसलं, पुढे काय? ‘एरागॉन’वरच्या चोरीच्या आरोपाची तपासणी

साहित्य विषयात सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक शीर्षक हाताशी तयारच असतं: ‘अमुक लेखकाचा तमुक लेखकावर प्रभाव’. दोन पुस्तकं घ्यायची, साम्यस्थळं काढायची, तक्ता करायचा, झालं तिसरं प्रकरण. मग व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक शांतपणे विचारतात, “साम्य दाखवलंत, ठीक आहे. प्रभाव कुठे सिद्ध केलात?” आणि खोलीत पंखा तेवढा ऐकू येतो.

साम्य आणि प्रभाव यांत नेमकं किती अंतर आहे ते आज एका किशोर-कादंबरीच्या निमित्ताने पाहू. कादंबरी आहे क्रिस्टोफर पाओलिनीची ‘एरागॉन’. विषय ड्रॅगन आणि त्यांचे स्वार. पीएच.डी.च्या तयारीत ड्रॅगन कशाला, असं वाटत असेल तर थोडं थांबा. या पुस्तकावर ‘हे सगळं उचललेलं आहे’ असा आरोप गेली वीस वर्षं होतोय. आरोप एका कोवळ्या लेखकावर, आणि आरोप करणाऱ्यांकडे साम्यांची भलीमोठी यादी. म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रकरणासारखीच परिस्थिती.

आधी पुस्तकाचा इतिहास घेऊ, कारण तिथेच पहिली गडबड होते. ‘पंधराव्या वर्षी कादंबरी लिहून प्रसिद्ध झालेला मुलगा’ असं वाक्य ठिकठिकाणी वाचायला मिळतं. तारखा लावून बघा. पाओलिनीचा जन्म १७ नोव्हेंबर १९८३चा. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, पॅरडाइज व्हॅलीत तो वाढला, शिक्षण घरीच झालं, पंधराव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून त्याने कादंबरी लिहायला घेतली. घरच्यांनी स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे ती छापली २००२मध्ये. मोठ्या प्रकाशनाची, म्हणजे नॉफची आवृत्ती आली ऑगस्ट २००३मध्ये. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. सुरुवात पंधराव्या वर्षी हे खरं, पण बाजारात ज्या पुस्तकाच्या लाखो प्रती गेल्या ते पंधरा वर्षांच्या मुलाचं पुस्तक नाही. मधल्या काळात त्याने स्वतः ते पुन्हा लिहिलं, आईवडिलांनी हात फिरवला, नंतर नॉफमध्ये व्यावसायिक संपादन होऊन मजकूर आटोपशीर झाला.

आणि ती कंपनी फक्त ‘एरागॉन’साठी काढलेली नव्हती. आईवडिलांची स्वतःची पुस्तकं तिने आधी काढलेली होती. घरात पुस्तक कसं होतं याची माहिती होती. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा मुलाने स्वतः काढला, मध्ययुगीन पोशाख घालून तो शाळा, ग्रंथालयं, दुकानं अशा शंभरावर ठिकाणी फिरला. २००२च्या उन्हाळ्यात लेखक कार्ल हायासन यांच्या सावत्र मुलाने मोंटानात सुट्टीवर असताना ही प्रत विकत घेतली, त्याला ती आवडली, हायासन यांनी आपल्या प्रकाशकाला, म्हणजे नॉफला कळवलं. ‘चमत्कार’ म्हणून सांगितली जाते ती गोष्ट जवळून पाहिली की घरगुती छापखाना, विक्रीची मेहनत आणि एक ओळखीचा दुवा अशी दिसते. मला तरी ती चमत्कारापेक्षा जास्त रंजक वाटते.

आता आरोप. कथानक थोडक्यात असं. एरागॉन नावाचा मुलगा मामाच्या शेतावर राहतो. जंगलात त्याला निळा दगड सापडतो, तो निघतो ड्रॅगनचं अंडं. त्यातून सफीरा ही मादी ड्रॅगन जन्मते आणि दोघांची मनं जोडली जातात. राजाचे हस्तक मामाला ठार करतात. ब्रॉम नावाचा म्हातारा गोष्टीवेल्हाळ त्याला तलवार देतो, शिकवतो, आणि वाटेत मरतो. मरताना कळतं की तो स्वतः एकेकाळचा ड्रॅगनस्वार. हे स्वार पूर्वी देशाचं रक्षण करणारा एक संघ होते, त्यांच्यातल्याच एकाने फितुरी करून तो संघ बुडवला आणि तोच आता राजा आहे. पुढे कैदेतल्या राजकन्येची सुटका, बंडखोरांचा लपलेला तळ, तिथली लढाई.

ज्यांनी १९७७चा ‘स्टार वॉर्स’ पाहिलाय त्यांच्या भुवया इथवर वर गेल्या असतील. काकाच्या शेतावरचा पोरगा, मारले गेलेले काका-काकू, बुडालेल्या संघातला म्हातारा गुरू, तलवार, कैदेतली राजकन्या, बंडखोरांचा तळ. आणि ज्यांनी ॲन मॅकॅफ्री यांची पर्न मालिका वाचलीय ते म्हणतील, ड्रॅगनशी मनाने जोडलेला स्वार तर आमच्या बाईंचा!

हा दुसरा दावा आधी घेऊ, कारण इतिहासाच्या दृष्टीने तो जास्त गुंतागुंतीचा आहे.

युरोपच्या जुन्या कथांत ड्रॅगन मारायचा असतो. संत जॉर्जच्या भाल्याखाली पडलेला ड्रॅगन चर्चच्या भिंतींवर हजार ठिकाणी दिसतो. त्याच्याशी मैत्री करायची कल्पना मुलांच्या साहित्यातून आली. केनेथ ग्रॅहम यांच्या १८९८च्या एका कथेतला ड्रॅगन लढायलाच कंटाळतो, त्याला कविता करायच्या असतात. मग स्वारी कधी आली? इथे ‘पहिल्यांदा मॅकॅफ्री यांनी’ असं लिहाल तर अडकाल. रूथ स्टाइल्स गॅनेट यांचं ‘माय फादर्स ड्रॅगन’ १९४८चं आहे. त्यात जंगली प्राण्यांनी ड्रॅगनच्या पिल्लाला दोरीने बांधून ठेवलंय आणि नदी ओलांडायला नावेसारखं राबवतायत, एक मुलगा त्याला सोडवतो आणि पाठीवर बसून उडून जातो. मुलगा, ड्रॅगन, स्वारी, सगळं आलं. मनाचा सांधा मात्र नाही.

दुसरीकडे, दूरच्या ग्रहावर युद्धासाठी माणसांनी मुद्दाम पैदास केलेले ड्रॅगन ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या ‘द ड्रॅगन मास्टर्स’मध्ये १९६२ला आलेली आहे. तिथले ड्रॅगन मात्र लढाऊ जनावरं आहेत. मैत्री वगैरे काही नाही.

मॅकॅफ्री यांची ‘वेअर सर्च’ ही कथा ‘ॲनालॉग’ मासिकाच्या ऑक्टोबर १९६७च्या अंकात आली. आता बघा त्यांनी काय केलं. ड्रॅगन माणसांनीच पैदास करून घडवलेले, त्यांच्यावर स्वार होता येतं, आणि अंड्यातून बाहेर पडताच पिल्लू समोर उभ्या असलेल्या उमेदवारांतून आपला माणूस स्वतः निवडतं. ती गाठ जन्मभराची. दोघं मनातल्या मनात बोलतात. स्वार गेला तर ड्रॅगन जगत नाही. या जुळणीत त्यांचं नवेपण आहे, सुटे भाग आधीपासून पडलेले होते. या कथेला १९६८चा ह्यूगो पुरस्कार मिळाला (फिलिप होजे फार्मर यांच्या कथेबरोबर विभागून), आणि कथासाहित्यासाठी ह्यूगो मिळवणाऱ्या मॅकॅफ्री पहिल्या स्त्री ठरल्या. त्याच वर्षी ही आणि पुढची कथा मिळून ‘ड्रॅगनफ्लाइट’ ही कादंबरी झाली.

‘ॲनालॉग’ हे विज्ञानकथांचं मासिक, संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल. म्हणजे ड्रॅगनस्वार या रूपात जन्मला तो प्रौढांच्या विज्ञानकथेत. आज दुकानात पर्नची पुस्तकं बहुधा फँटसीच्या फळीवर असतात. मॅकॅफ्री स्वतः मात्र कायम सांगायच्या की मी विज्ञानकथा लिहिते. वाङ्मयप्रकाराचं लेबल पुस्तकाच्या आत असतं की फळीवर, हा प्रश्न तुम्हाला स्वतंत्र प्रबंधाला पुरेल.

मग ड्रॅगन किशोरांच्या फळीवर कसे गेले? ॲथेनियम प्रकाशनाच्या संपादक जीन कार्ल यांना विज्ञानकथेकडे मुली वळाव्यात असं वाटत होतं. त्यांनी मॅकॅफ्री यांच्याकडे पर्नमधलीच, पण किशोरवयीन मुलींसाठी कथा मागितली. त्यातून १९७६मध्ये ‘ड्रॅगनसाँग’ आलं. नायिका मेनोली, कोळ्यांच्या वस्तीतली मुलगी, जिला गाणं करायला घरातूनच बंदी आहे. मोठ्या ड्रॅगनऐवजी तिच्याभोवती छोटे छोटे नऊ आगसरडे जमतात. लेखिकेची प्रेरणा वगैरे आपण फार बोलतो. इथे साहित्यप्रकाराला वळण दिलं ते एका संपादकाच्या मागणीने. तुमच्या विषयात अशी मागणी कुठे लपली आहे का, ते जरूर शोधा. मराठीत दिवाळी अंकांच्या संपादकांची पत्रं या कामाला किती उपयोगी पडतील विचार करा.

इथून पुढे ही कल्पना पसरली. जेन योलेन यांच्या ‘ड्रॅगन्स ब्लड’मध्ये (१९८२) एक मुलगा चोरून आणलेलं ड्रॅगनचं पिल्लू लपवून वाढवतो आणि पिल्लू त्याच्या मनात रंग पाठवतं. १९८४पासून ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत भालाधारी ड्रॅगनस्वारांची युद्धं आली. ब्रूस कोव्हिल यांच्या ‘जेरेमी थॅचर, ड्रॅगन हॅचर’मध्ये (१९९१) साध्यासुध्या शाळकरी मुलाला जादूच्या दुकानातून अंडं मिळतं, ते तो उबवतो. हे शेवटचं पुस्तक नीट लक्षात ठेवा, कारण पाओलिनीने स्वतः सांगितलंय की अंडं सापडण्याची कल्पना त्याला या पुस्तकावरून सुचली. मॅकॅफ्री यांचं नावही तो आवडत्या लेखकांत घेतो.

म्हणजे लेखकाची साक्ष मिळाली. प्रभाव सिद्ध?

अर्धवट. लेखकाची साक्ष हा पुरावा आहे, पण एका बाजूचा. लेखक विसरतात, मोठ्यांची नावं घेतात, अडचणीची टाळतात. साक्षीला मजकुरातून दुजोरा लागतो, आणि तो ढोबळ साम्यातून मिळत नाही. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, त्या कामाशी जोडलेली पाठचिकित्सेची शिस्त इथे आठवा. दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा असला तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही, बरोबर पाठ तर सगळीकडेच असू शकतो. दोन्ही पोथ्यांत एकच विचित्र चूक त्याच जागी आली, तर नातं पक्कं. कथेत चुकीच्या जागी ‘विचित्र तपशील’ ठेवा. ज्याची कथेला गरज नव्हती, तरीही जो दोन्हीकडे आहे, असा तपशील.

त्या नजरेने पाहिलं की चित्र बदलतं. योलेनच्या ड्रॅगनचं बोलणं रंगांत, कोव्हिलच्या ड्रॅगनचं मुख्यतः मनातल्या चित्रांत. सफीरा मात्र सरळ वाक्यांत बोलते, वाद घालते, टोमणे मारते. याबाबतीत ती कोव्हिलपेक्षा पर्नच्या ड्रॅगनांच्या जवळची. अंडं सापडण्याचा प्रसंग उलट कोव्हिलच्या जवळचा, कारण पर्नमध्ये अंडी उघड्यावर, समारंभात, सगळ्यांसमोर फुटतात. तिथे एकट्या पोराने लपूनछपून ड्रॅगन वाढवण्याची सोय नाही. आता फरक बघा. पर्नमध्ये जादू नाही, स्वार म्हणजे एक जिवंत संस्था, आकाशातून पडणाऱ्या विनाशक तंतूंपासून जमीन वाचवणं हे तिचं काम, आणि त्याबदल्यात लोक तिला धान्याचा वाटा देतात. हो-ना करत देतात, त्यावर भांडणं होतात. एरागॉनच्या जगात स्वारांची संस्था केव्हाच मेलेली आहे. एकटा मुलगा, एकटी ड्रॅगन, आणि ड्रॅगनच्या नात्यातून येणारी जादू. बुडालेल्या, आतूनच फितूर झालेल्या रक्षकसंघाची ही चौकट पर्नमधली नाही, ती ‘स्टार वॉर्स’च्या जेडाय संघाशी जुळते.

तर ‘पर्नची नक्कल’ हा आरोप सैल पडतो आणि ‘स्टार वॉर्स’चा घट्ट होतो, असं वाटेल. पण इथे तिसरा माणूस येतो. जोसेफ कॅम्पबेल (मघाचे संपादक कॅम्पबेल वेगळे) यांनी १९४९च्या ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’मध्ये जगभरच्या पुराणकथांतल्या नायकाच्या प्रवासाचा एक साचा मांडला. जॉर्ज लुकास यांनी त्याचं ऋण उघड मानलंय. पाओलिनीनेही पहिल्या पुस्तकात नायकाची ही जुनी, ठरीव वाट मुद्दाम धरली असं म्हटलंय. साधा पोरगा, गुरू, गुरूचा मृत्यू, शस्त्र, परीक्षा ही साम्यं मग दोघांच्या सामाईक पूर्वजाकडे जातात. ‘अ’ आणि ‘ब’ सारखे दिसतात याची तीन स्पष्टीकरणं असू शकतात: ‘ब’ने ‘अ’कडून घेतलं, दोघांनी ‘क’कडून घेतलं, किंवा त्या काळात ती गोष्ट सगळ्यांचीच झालेली होती. कॅम्पबेल यांच्या साच्यात न बसणारं जे उरतं, म्हणजे बंडखोरांच्या तळाची रचना, राजकन्येची सुटका, घटनांची जवळपास तीच ओळ, तेवढंच ‘स्टार वॉर्स’च्या खात्यावर टाकता येतं. ते काही कमी नाही. माझं मत विचाराल तर हा भाग खरोखरच उसना आहे आणि तो कादंबरीतला सगळ्यात कमकुवत भाग आहे. ड्रॅगन आणि मुलाचं नातं मात्र उसनं वाटत नाही. तिथे पोरगा मनापासून लिहितोय.

खऱ्या नावात शक्ती असते, ही या कादंबरीतली जादूची पद्धत घ्या. लगेच उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’कडे (१९६८) बोट जातं. पण खरं नाव कळलं की समोरचा कह्यात येतो, ही ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या रम्पेलस्टिल्टस्किनच्या गोष्टीचीसुद्धा किल्ली आहे. लोककथेच्या अभ्यासात याला आपण कल्पनाबंध म्हणतो. कल्पनाबंधावर कुणाची मालकी नसते.

हे सगळं तुमच्या कामाशी थेट जोडलेलं आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीनुसार तुमचा प्रबंध सॉफ्टवेअरमधून जाणार, आणि साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ते सॉफ्टवेअर शब्दांच्या ओळी जुळवतं. ‘एरागॉन’ पर्नच्या शेजारी ठेवून तपासलं तर टक्का नगण्य येईल, कारण वाक्यं उचललेली नाहीत. आणि वाचक म्हणतो उचललंय. दोघंही ‘साम्य’ हाच शब्द वापरतात, पण एक शब्दांबद्दल बोलतोय आणि दुसरा रचनेबद्दल. आपल्याकडे देवलांचं ‘झुंझारराव’ हे ‘ऑथेल्लो’चं रूपांतर आहे, आणि ते रूपांतर म्हणूनच ओळखलं जातं. तिथे ‘प्रभाव’ म्हणणं हास्यास्पद होईल. रूपांतर, उचलेगिरी, प्रभाव, कल्पनाबंध हे चार वेगळे कप्पे आहेत आणि प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो.

तारखेची चाचणी विसरू नका. एक नेहमीचा युक्तिवाद असा की मॅकॅफ्री आयर्लंडमध्ये ‘ड्रॅगनहोल्ड’ नावाच्या घरी राहायच्या, घोडे पाळायच्या, म्हणून पर्नचं स्वार-ड्रॅगन नातं तिथल्या घोड्यांवरून आलं. ऐकायला छान. पण त्या आयर्लंडला गेल्या १९७०मध्ये, आणि ‘वेअर सर्च’ १९६७ची. आयर्लंडचे घोडे तीन वर्षं उशिरा पोचले!

तसंच कोणतं रूप वाचताय तेही तपासा. क्रेसिडा कॉवेल यांचं ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ २००३चं, म्हणजे नॉफच्या ‘एरागॉन’च्याच वर्षीचं. दोन्हींवर एकाच लाटेचा परिणाम, असा निष्कर्ष काढून ‘ड्रॅगनवर स्वार होणारा मुलगा’ हे साम्य कुणी मांडतं. त्या पहिल्या पुस्तकातला टूथलेस मात्र एवढासा, हट्टी पिल्लू आहे, त्याच्यावर बसणार कोण? स्वारी करता येईल असा काळाभोर टूथलेस आला २०१०च्या सिनेमात. साम्य सिनेमातलं, तारीख पुस्तकाची.

‘एरागॉन’च्या बाबतीतही हीच गोष्ट. २००२ची घरगुती आवृत्ती आणि २००३ची नॉफची आवृत्ती यांत काटछाट झालेली आहे. एखादा ओळखीचा वाटणारा प्रसंग आधीपासून होता की संपादनात तसा झाला, हे नॉफची एकच प्रत वाचून सांगता येणार नाही. कुणाला या विषयावर एम.फिल.च्या तोडीचं छोटं काम करायचं असेल तर शीर्षकातून ‘प्रभाव’ काढा आणि ‘“एरागॉन”च्या दोन आवृत्त्यांमधील ड्रॅगन-स्वार नात्याचं संपादन’ असं काहीतरी घ्या. पहिल्या अंड्याच्या प्रसंगापासून सुरुवात करा. दोन्ही प्रती शेजारी ठेवायच्या, पेन्सिल घ्यायची, आणि काय गेलं, काय आलं, ओळीओळीने टिपत जायचं.